लाडू नको म्हणणारी भिवरी

तर बरं का, एका गावापुढे मोठं तळं होतं आणि तळ्यात खळ्याएवढं कासव होतं. गावाची शेतं तळ्यापलीकडे. कासव रोज सकाळी माणसांना पाठीवरून तिकडे न्यायचं, संध्याकाळी परत आणायचं. उतरताना प्रत्येकानं त्याला एक लाडू भरवायचा, अशी रीत.

मग काय झालं, कासव सुस्तावलं. गाव म्हणालं, "रुसलंय!" लाडू मोठे केले. ते आणखी सुस्तावलं. मग तूप वाढवलं. आता ते निम्मं बुडूनच चालायचं. काय म्हणावं या शहाण्यांना!

त्या गावात भिवरी नावाची पोर होती. तिनं पाहिलं, कासव लाडू कसाबसा गिळतं आणि काठच्या शेवाळाकडे मान लांब करतं. पण अंग एवढं जड, की तिथवर पोचतच नाही. ती चावडीवर जाऊन म्हणाली, "लाडू बंद करा. त्याला शेवाळ हवंय."

झालं! शेजारची वाडीही हेच म्हणायची, आणि त्या वाडीशी गावाचं हाडवैर. "ही त्यांची झाली," पाटील गरजले. तिच्या आईला हळदीकुंकवाचं बोलावणं येईना. बायका समोर गोड बोलायच्या, पाठ फिरली की नाकं मुरडायच्या. पोरांचं तसं नव्हतं, त्यांनी तोंडावर कट्टी घेतली. सगळ्यांत आधी घेतली ती जिवलग मैत्रिणीनं, सोनकीनं. भिवरी खूप रडली. पण बोललेलं मागे घेतलं नाही.

मग एका सकाळी कासव वर येईचना. पलीकडे पीक तयार, त्यावर पाखरांचे थवे. मोठी माणसं लाडू दाखवत हाका मारत बसली. भिवरी एकटीच पाण्यात उतरून खडकावरचं शेवाळ खरवडू लागली.

मागून सोनकी आली. "कट्टी आहेच हां आपली," ती म्हणाली, "पण शेवाळ कुठलं काढू? कोवळं की जून?" आणि तिच्यामागे सगळी पोरं!

त्यांनी भारेच्या भारे पाण्यात सोडले. मग बुडबुडे आले, मग डोकं आलं, मग पाठ. पोटभर खाऊन कासवानं असा ढेकर दिला, की पाटील मागच्या मागे धपकन बसले.

धोतर झटकत ते उठले. "चुकलो, पोरी," म्हणाले. "तू त्यांची की आमची, एवढंच बघत राहिलो. कासवाकडे कुणी बघितलंच नाही."

पाटलीणबाई स्वतः कुंकू घेऊन भिवरीच्या आईकडे गेल्या. सोनकीनं कट्टी सोडायला मात्र संध्याकाळ लावली. मग सगळी सुखानं नांदली. चला, मिटा बघू डोळे.