विहिरीवरचं अर्धं घरटं

फार जुनी गोष्ट आहे. विहिरीवर वाकलेल्या एका बाभळीवर सुगरण पक्ष्यांची वस्ती होती. तिथली रीत अशी, की तरुण नराने अर्धं घरटं विणायचं आणि मग जाणत्या माद्यांनी येऊन ते पारखायचं. पसंत पडलं तरच पुढे विणायचं, नाही तर ते तसंच लोंबत राहायचं.

केशरूच्या घरट्याचं कौतुक त्याच्या बापाने आधीच झाडभर करून ठेवलं होतं. माद्या आल्या, त्यांनी दोन गाठी ओढून पाहिल्या आणि शेजारच्या फांदीवरचं घरटं पारखायला निघून गेल्या.

मग काय, झाडावर तोच विषय. "गवत कुठलं आणलं होतंस रे?" "आमच्या पोराला तरी विचारायचंस!" बाप मान फिरवून बसला. केशरू दिसेनासा झाला.

तिन्हीसांजेला तो त्याच अर्ध्या घरट्यात अंग चोरून बसलेला सापडला. बाप धापा टाकत होता.

"कधीचा शोधतोय तुला. विहिरीतसुद्धा वाकून वाकून बघितलं रे."

"बाबा, मला नाही जमलं."

"घरटं जाऊ दे. तू आहेस ना."

दोघांचा भार घेऊन ते घरटं वाऱ्यावर हलत राहिलं.

सकाळी बापाने गवताची एक ओली पात आणली. केशरूने ती घेतली नाही. बाप ती चोचीत धरून त्याच्याशेजारी बसून राहिला. शेजारी येऊन विचारत होते, "आता पुढे काय करणार तुमचा मुलगा?"

एरवी झाडभर बोलणारा बाप दिवसभर गप्प होता. चोच उघडली असती, तर पात विहिरीत पडली असती.