लोळबाची ओली कातडी

फार जुनी गोष्ट आहे. एका केळीच्या बागेत लोळबा नावाचं गांडूळ राहायचं. त्याला आपल्या बुळबुळीत अंगाची भारी लाज वाटे. शेजारची गोम कशी कोरडी नि चकचकीत दिसायची. एके सकाळी लोळबा उन्हात जाऊन पसरला. अंग सुकू लागलं तसा तो खूश झाला.

पण थोड्याच वेळात त्याचा जीव घुसमटू लागला. भोवती हवाच हवा, पण आत काही जाईना.

पाटाकडे निघालेल्या बेडकीनं त्याला पाहिलं आणि ढकलत ढकलत चिखलात नेलं. अंग भिजलं, तसा लोळबाच्या जिवात जीव आला.

"मावशी, गोम तर कोरडीच असते. मग मोकळ्या हवेत माझाच श्वास कसा अडकला?"

"अरे, गोमेच्या अंगाला श्वासाची भोकं असतात. तुझी कातडी हेच तुझं नाक. बाहेर हवा जास्त नि आत कमी, म्हणून ती आपणहून आत झिरपते. पण आधी ती तुझ्या ओलाव्यात विरघळावी लागते."

एवढं बोलून बेडकीनं घाईघाईनं पाटात उडी मारली. लोळबाला ढकलता ढकलता तिचीही कातडी सुकत आली होती.