सोनाक्काचं पान

“पण बुवा, हाक मारली ही माझी चूक, की त्या उठल्या ही त्यांची?”

बुवा सुपारी कातरत होते. अडकित्ता थांबला नाही.

विदुला कानांपर्यंत लाल झाली होती. कॉलेजात वक्तृत्वाच्या ढाली मिळवून मठात बुवांकडे शिकायला आलेली ही पोर. पाल चुकचुकली तरी दचकायची, पण बोलायला उभी राहिली की माणसांनी ऐकत राहावं. हे तिलाही ठाऊक होतं. म्हणून तर आज सोनाक्काच्या निरोपाचं भाषण तिनं मागून घेतलं होतं.

सोनाक्का म्हणजे मठात रांधणारी, वाढणारी. केस काळे होते तेव्हापासून तिनं इथल्या पंगती सांभाळल्या, आणि आज ती काम सोडून चारच्या एसटीनं लेकीकडे निघाली होती.

भाषण झालंही झकास.

“अक्का, तुमच्या गुडघ्यांना आजपासून भरपगारी रजा! आता लेकीनं वाढावं, जावयानं ताक आणावं, आणि तुम्ही मीठ कमी म्हणून नाक मुरडावं. कुणी कितीही हाका मारल्या तरी उठायचं नाही!”

सगळी पंगत खदखदून हसली. सोनाक्काही तोंडाला पदर लावून हसली. अंगावर नवी शाल, समोर पंगतीतलं पहिलं पान.

मग भात आला. विदुलानं भाताचं आळं केलं, आणि सवयीनं तिच्या तोंडून निघून गेलं, “अक्का, आमटी!”

सोनाक्का उठली. शालीसकट.

पंगत पुन्हा हसली... आणि त्या वेळी विदुलाही हसली होती. तेच आता तिच्या घशाखाली उतरत नव्हतं.

“मी क्षमा मागते त्यांची,” ती म्हणाली. “दोन ओळी सुचल्यात...”

“अक्का जेवली का?”

“अं?”

“जेवली का?”

विदुलानं जेवणघराकडे पाहिलं.

बुवांनी अडकित्ता मिटला. “चल.”

जेवणघरातली पानं उचलून झाली होती. एकच राहिलं होतं, पहिलं. एक घास मोडलेला भात, सुकत आलेली चटणी, जिलबीला लागलेल्या मुंग्या. मोरीपाशी सोनाक्का पातेलं घासत होती. शाल कमरेला खोचलेली.

“अक्का, जेवलीस?”

“जेवते की. एवढी भांडी झाली की जेवते.”

बुवा पुढे झाले. त्या पानावर जाऊन बसले, जिलबी बाजूला सारली आणि गार भात कालवायला लागले.

“अगं बाई! बुवा, उष्टं हाय ते माझं! आन् तुमी तर जेवलाय की मगाशी!”

“हो. पोट फुटायला आलंय. तू बैस शेजारी. विदुला, अक्काला पान मांड.”

सोनाक्का हात पुसत येऊन बसली, पण अशी, की एक गुडघा वरच. विदुलानं पान मांडलं, पाणी फिरवलं. भात वाढताना थोडा जमिनीवर सांडला. मग तिनं आमटीची पळी हातात घेतली.

“त्या दोन ओळी?” बुवांनी विचारलं.

विदुलानं तोंड उघडलं... मिटलं. ओळी चांगल्या होत्या. म्हणूनच म्हणवेनात.

सोनाक्कानं घास उचलला. तो तोंडाशी पोचतो न पोचतो, तोच बुवा कडाडले, “अक्का, आमटी!”

विदुला अशी दचकली की हातातली पळी खणकन खाली पडली. सोनाक्काचा घास पानात परत गेला. वरचा गुडघा आणखी वर आला...

विदुलाचा हात तिच्या खांद्यावर पडला. जरा जोरातच.

“बसा, अक्का.”

सोनाक्कानं मान वर करून पाहिलं. पोरीचं नाक वाहत होतं, पण हात खांद्यावरून हलला नव्हता.

गुडघा हळूहळू खाली आला. सोनाक्कानं नीट मांडी घातली.

विदुलानं पळी धुऊन आणली. आधी सोनाक्काच्या भातावर आमटी घातली, मग बुवांच्या.

बुवांनी भुरका मारला.

“हं,” ते म्हणाले, “आता म्हण तुझ्या दोन ओळी.”