कुलपाचा वाढदिवस

"हे कुणी लावलं?"

शाळेचे अध्यक्ष दादासाहेब हंबर्डे भित्तिपत्रकासमोर उभे राहून गरजले. भित्तिपत्रक म्हणजे मुलांनी हातानं लिहिलेलं शाळेचं वर्तमानपत्र. दर सोमवारी ते व्हरांड्यातल्या फळ्यावर लागायचं. आज त्यावर एका कुलपाचं रंगीत चित्र होतं, कुलपाला झेंडूचा हार होता आणि खाली मजकूर होता : 'आपले लाडके कुलूप आज तीन वर्षांचे झाले. वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा! शुभेच्छुक : समस्त मुली, आठवी ते दहावी.'

कुलूप होतं मुलींच्या स्वच्छतागृहाचं. इमारत तयार, फरशी चकाचक, नळाला पाणीसुद्धा! पण उद्घाटन मंत्र्यांच्याच हस्ते करायचं, असा दादासाहेबांचा हट्ट, आणि मंत्र्यांची तारीख काही मिळेना. तीन वर्षांत दोन मंत्री पायउतार झाले, कुलूप मात्र पदावर कायम! किल्ली दादासाहेबांच्या खिशात. मुली शाळेत पाण्याचा घोटही घेत नसत. ज्यांना सोसवत नसे त्या मधल्या सुट्टीत घरी जात, त्या काही परत येत नसत. दुपारचं गणित त्यांचं रोज बुडायचं.

"संपादक कोण आहे? पुढे या!"

नववीतली तनुजा खंडागळे पुढे आली. तिची आई शाळेतच खिचडी शिजवायची.

"तूच का ती दीडशहाणी?"

"किती शहाणी ते निकालात कळेल, साहेब. संपादक मात्र मीच."

"माझी थट्टा करतेस?"

"तुमची कशाला? तुमच्या वाढदिवसाला चौकात सात बॅनर लागतात. त्या बिचाऱ्या कुलपाचं आमच्याशिवाय आहे कोण?"

मागे कुणीतरी फिसकन हसलं. दादासाहेबांच्या मिशा थरथरल्या.

"ऐक! पुढच्या महिन्यात संमेलन आहे. यंदाचा वार्षिकांक तूच काढायचा. 'आमच्या शाळेत मुलींसाठी सर्व सोयी आहेत' हे पहिल्याच पानावर आलं पाहिजे! विद्यार्थी, शिक्षक, पालक, यांपैकी कुणाच्याही नावावर तक्रारीचा एक शब्द नको. आणि खोटं एक अक्षर नको, अंक शिक्षणाधिकारी बाईंच्या हातात जाणार आहे. जमलं नाही, तर हा फळा उतरवायचा आणि इथं माझा फोटो लावायचा!"

"सोयी नसताना आहेत म्हणायचं, आणि तेही खरं?"

"तू शहाणी ना? मग कर!"

"पण साहेब, पहिल्या पानावर तर तुमचं मनोगत असतं."

"मग त्यातच घाल! तुला कोणी अडवलंय?"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. कारण दादासाहेबांचं मनोगत दादासाहेबांनी कधीच लिहिलं नव्हतं. अकरा वर्षं ते मुख्याध्यापक बेलसरे सर लिहीत, म्हणजे गेल्या वर्षीचंच उतरवून तारीख बदलत. फोटोही तोच, त्यात दादासाहेबांचे केस अजून काळे होते. या वर्षी सरांनी तेही काम तनुजाच्या गळ्यात घातलं आणि सुटकेचा निःश्वास सोडला.

आठ दिवसांनी तनुजा मनोगताचा कागद घेऊन दादासाहेबांच्या कचेरीत गेली.

"साहेब, एकदा वाचून घ्या."

"माझंच मनोगत मी काय वाचायचं? आण इकडे!"

"एक पानच आहे, साहेब. वाचा तरी."

"अगं, अकरा वर्षांत मी कधी वाचलं नाही, काही अडलं का?" दादासाहेबांनी खिशातलं जाडजूड पेन काढलं आणि झोकात सही ठोकली.

संमेलनाच्या दिवशी मांडव गच्च भरला. शिक्षणाधिकारी बाईंनी अंकाचं प्रकाशन केलं आणि पहिलंच पान माईकवर मोठ्यानं वाचायला घेतलं.

"'आमच्या शाळेत मुलींसाठी सर्व सोयी आहेत. स्वच्छतागृह मात्र मंत्र्यांची वाट पाहत तीन वर्षं बंद राहिलं, ही माझी चूक. माझ्या शाळेच्या मुलींपेक्षा मोठा पाहुणा मला आणखी कोण? म्हणून आज, हा अंक प्रकाशित होताच, मी खिशातली किल्ली काढून ते उघडत आहे.' वा, दादासाहेब! चूक कबूल करणारे अध्यक्ष मी पहिल्यांदाच पाहिले!"

टाळ्यांनी मांडव दणाणला. दादासाहेबांनी हसरा चेहरा तसाच ठेवून तनुजाला जवळ बोलावलं.

"हे मी कधी लिहिलं गं?"

"सही तुमचीच आहे, साहेब."

"मी वाचलं नव्हतं!"

"माईकवर सांगू का तसं?"

"गप्प! शेवटी तक्रार छापलीसच ना?"

"विद्यार्थ्याच्या नावावर छापली? शिक्षकांच्या? पालकांच्या? तुमची अट एकही मोडलेली नाही. आणि खोटं एक अक्षर नको म्हणालात, म्हणून सांगते, पहिलं आणि शेवटचं वाक्य तेवढं खरं व्हायचं राहिलंय. संपादकाचं काम मी केलं. आता किल्ली तुमच्या खिशात आहे!"

दादासाहेबांचा हात खिशातल्या किल्लीवर गेला. मग त्यांचं पोट हललं, मिशा हलल्या, आणि ते असे खदाखदा हसले की माईकनं कर्कश शिट्टी मारली.

"चला!" म्हणत ते उठले आणि सगळा मांडव त्यांच्यामागे निघाला. कुलूप इतकं गंजलेलं की किल्लीला दाद देईना. तनुजाच्या आईनं खिचडीच्या तेलाची वाटी आणून कुलपात चार थेंब सोडले, तेव्हा कुठे ते खट्‌कन उघडलं. मुलींनी अशा काही आरोळ्या ठोकल्या की बेलसरे सरांनी कानांवर हात ठेवले.

दादासाहेबांनी खिशातलं पेन काढून तनुजाच्या हातात दिलं. "घे. अकरा वर्षं बिचारं नुसत्या सह्याच करतंय. तुझ्याकडे काहीतरी लिहील तरी! आणि फळा आहे तिथंच राहील. सोमवारी काय लावणार?"

"कुलपाची सेवानिवृत्ती, साहेब! शुभेच्छुक म्हणून तुमचं नाव घालू?"

"घाल!" दादासाहेब पुन्हा खो-खो हसले. "पण या वेळी मी आधी वाचणार!"