मोरदऱ्यावर कोरलेलं नाव

मोरदरा किल्ल्यावर ठकूबाई ढेबे पर्यटकांना गड दाखवायची. एके रविवारी साखर कारखान्याचे चेअरमन रणनवरे मोठा लवाजमा घेऊन गड चढून आले. महादरवाज्यापाशी पोचताच त्यांनी ड्रायव्हरकडून छिन्नी मागून घेतली.

"इथं माझं नाव कोरायचं. शंभर वर्षांनीही लोकांनी वाचलं पाहिजे!"

"साहेब, गडाच्या दगडाला छिन्नी लावू नका," ठकूबाई म्हणाली.

"तू मला शिकवणार? उद्यापासून तुझं इथलं काम बंद करीन!"

याच कामावर ठकूबाईचं घर चालत होतं. तरी ती मागे हटली नाही. तिनं कमानीखालच्या झिजलेल्या अक्षरांवर बोट ठेवलं.

"मग इथं कोरा, साहेब. या गडासाठी तीनशे माणसं लढून मेली, पण त्यांतल्या एकाचंही नाव इथं नाही. कोरलेलं नाव हे एवढंच. शत्रूला आतून दरवाजा उघडून देणाऱ्या किल्लेदाराचं. लोकांनी त्याला विसरू नये म्हणून कोरलंय. त्याच्या खाली भरपूर जागा आहे."

बरोबरची माणसं हसू दाबता दाबता खोकायला लागली. चेअरमनसाहेबांनी छिन्नी ड्रायव्हरला परत दिली आणि घसा खाकरून विचारलं,

"बाई, पुढं काय दाखवताय?"