डबकूचं तळं मागे राहिलं

एक होता बेडूक. इवलासा, हिरवागार. नाव त्याचं डबकू.
डबकू राहायचा कॉम्प्युटरमध्ये, छोट्या रेवूच्या खेळात.

कॉम्प्युटरची जुनी डिस्क दमली होती. खर्र खर्र, खर्र खर्र!
बाबांनी नवी डिस्क आणली. रेवूचा खेळ तिकडे निघाला.
डबकू पुढे गेला. टुणुक टुणुक!
मागून तळं येणार, तेवढ्यात रेवूचा पाय लागला. जुन्या डिस्कची वायर निसटली. पट्!
डबकू नव्या डिस्कवर. तळं राहिलं जुन्या डिस्कवर.
डबकूनं तोंड उघडलं. पण तळ्याशिवाय डराँव काही निघेना.

डबकूनं जुन्या डिस्कला हाक मारली.
"डिस्कआजी, डिस्कआजी, तळं दे. डराँव काही निघेना."
आजी म्हणाली, "देईन रे. पण वायर जागेवर बसू दे."

डबकू गेला वायरकडे. टुणुक टुणुक!
"वायरताई, वायरताई, जागेवर बस. आजी तळं देईना, डराँव काही निघेना."
वायर म्हणाली, "बसेन की. पण बाबांनी खोचू दे."

डबकू आला स्क्रीनच्या काचेपाशी. टुणुक टुणुक!
"बाबा, बाबा, वायर खोचा. वायर जागेवर बसेना, आजी तळं देईना, डराँव काही निघेना."
बाबा म्हणाले, "खोचतो हं. पण रेवू मांडीवर बसलीय. तिला उतरू दे."

"रेवू, रेवू, खाली उतर. बाबा वायर खोचेनात, वायर जागेवर बसेना, आजी तळं देईना, डराँव काही निघेना."
रेवू मुसमुसत म्हणाली, "नाही उतलत! आधी डलाँव म्हण."

आता काय करायचं?
तिकडे आजी खूप दमली. खर्र... खर्र... ख...
आजी थांबली तर? तळं कायमचं जाणार!
डबकूनं रेवूकडे पाहिलं. तिचे डोळे ओले. त्याचेही डोळे ओले.
'डराँव नाही. पण मी तर आहे ना!'
डबकू तिच्या अगदी जवळ गेला. टुणुक. टुणुक. काचेला नाक लावलं.

"बाबा, नाक! बेडकाचं नाक!"
रेवू सर्रकन खाली उतरली. काचेला तिनंही नाक लावलं.

रेवू उतरली, बाबा उठले.
बाबांनी वायर खोचली. खट्!
वायर जागेवर बसली, आजीनं तळं सोडलं.
आधी आले दगड. मग आलं गवत. मग आलं निळं निळं पाणी. झुळझुळ झुळझुळ!

"सगळं पोचलं ना रे?" आजीनं विचारलं.
"सगळं पोचलं, आजी. तू झोप आता."
खर्र... खर्र... आजी शांत झाली.

डबकूनं उडी मारली. डुबुक!
वर आला. गाल फुगवले.
पहिलं डराँव आजीसाठी. अगदी हळू. डराँव.
दुसरं रेवूसाठी. डराँऽऽव!

रेवूनंही गाल फुगवले.
"डलाँऽऽव!"