सगळ्यांत भारी विद्या

जहागीरदार रंगोजीरावांच्या सदरेवर सकाळपासून वाद पेटला होता, की लढण्याची सगळ्यांत भारी विद्या कोणती. मल्ल म्हणे कुस्ती, पट्टेकरी म्हणे दांडपट्टा, तिसरा उस्ताद म्हणे लाठी.

पायरीशी कोंडाबाई ताटकळत बसली होती. मागच्या आठवड्यात पेंढाऱ्यांनी गाव लुटलं, तेव्हा वेस अडवताना तिचा नवरा मारला गेला. आता वेशीवर पहारा कोण देणार, एवढंच तिला विचारायचं होतं. पण तिच्याकडे कोणी बघेना. त्यांच्या बढाया ऐकून तिच्या अंगाचा तिळपापड झाला आणि ती ताडकन उठली.

रंगोजीराव हसले. "काय गं, तुलाही यातलं कळतं वाटतं? मग सांग, कोणती विद्या श्रेष्ठ?"

"पळण्याची, सरकार," कोंडाबाई म्हणाली. "त्या दिवशी माझा धनी लढला, तो गेला. हे तिघं पळाले आणि गढीत दार लावून बसले, म्हणून आज वाद घालायला जिवंत आहेत. अन् पळताना सगळ्यांच्या पुढं सरकारच होते."

रंगोजीराव संतापानं लालबुंद झाले. मग तिघा उस्तादांकडे वळून त्यांनी वेशीच्या दिशेनं बोट दाखवलं.

त्याच संध्याकाळी तिन्ही उस्ताद वेशीवर पहाऱ्याला उभे राहिले.